योशित्सुने खरा किती, गोष्टीतला किती?

जपानमध्ये हिवाळ्यात बर्फ फार पडला आणि महामार्गावर गाड्या जागच्या जागी अडकून बसल्या, की तिथल्या बातम्यांत एक शब्द हमखास येतो: ‘ताचि-ओजो’. आजचा अर्थ साधा आहे. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही. पण शब्दाची फोड केली तर निघते ‘उभ्या-उभ्या आलेले मरण’. हे मरण म्हटले की जपानी माणसाला आठवतो बेनकेई. आडदांड भिक्षू, हातात लांब दांड्याचे पाते, धन्याच्या दाराशी एकटा उभा. अंगात बाणांचे रान माजले आहे आणि शत्रू जवळ यायला धजत नाही. बऱ्याच वेळाने शेजारून एक घोडा जातो, त्याच्या धक्क्याने हा कोसळतो, आणि तेव्हा कळते की तो केव्हाच मेला होता.

या बेनकेईने जपानी भाषेत पुरते बस्तान बसवले आहे. नडगीला म्हणतात ‘बेनकेईची रडायची जागा’, कारण तिथे लागले तर तोही रडेल. घरात वाघ आणि बाहेर शेळी असलेल्या माणसाला म्हणतात ‘घरातला बेनकेई’.

आणि एवढा प्रसिद्ध माणूस त्या काळाबद्दलच्या सरकारी इतिवृत्तात कितीदा भेटतो? 1185 सालच्या नोंदींत, धन्याबरोबर कोण कोण होते या यादीत, इतर नावांच्या रांगेत एक नाव म्हणून. त्याची उंची, त्याचा पराक्रम, त्याचे मरण यांतले काहीही तिथे नाही.

त्याचा धनी मात्र नक्की होऊन गेला. मिनामोतो नो योशित्सुने, म्हणजे मिनामोतो घराण्यातला योशित्सुने. जन्म 1159, मृत्यू 1189. तीस वर्षांचे आयुष्य, आणि त्यातली ज्यांच्याबद्दल खात्रीने बोलता येईल अशी वर्षे जेमतेम पाच-सहा. बाकीचे सगळे लोकांनी भरून काढले. कसे भरले आणि का भरले, हे कळले की योशित्सुने तर कळतोच, पण दंतकथा नावाचे यंत्र कसे चालते तेही थोडे दिसते.

आधी कागदपत्रे कोणती, ते पाहू. आपल्याकडे शिवकालाचा अभ्यास करताना समकालीन पत्र आणि शंभर वर्षांनी लिहिलेली बखर यांना कोणी एका तागडीत घालत नाही. इथेही तेच. सर्वांत जवळचा साक्षीदार म्हणजे राजधानी क्योतोतला एक बडा दरबारी, कुजो कानेझाने. त्याची रोजनिशी ‘ग्योकुयो’ या नावाने टिकून आहे. कानावर पडले ते त्याने त्या त्या दिवशी लिहिले, अफवांसकट. दुसरे ‘आझुमा कागामी’, पूर्वेकडच्या कामाकुरा शहरातून चालणाऱ्या लष्करी सत्तेचे अधिकृत इतिवृत्त. ते दिवसवार असले तरी रचले गेले सुमारे शंभर वर्षांनंतर. तिसरे ‘हेइके मोनोगातारी’, मिनामोतो आणि ताइरा या घराण्यांत 1180 ते 1185 झालेल्या युद्धाची महागाथा. आंधळे भिक्षू बिवा नावाचे तंतुवाद्य छेडत ती गावोगाव गात. आज जी संहिता सर्वाधिक वाचली जाते, ती काकुइची नावाच्या गायकाने 1371 साली सांगून उतरवून घेतली. म्हणजे युद्ध संपून 186 वर्षे झाल्यावर. आणि त्याच्याही पुढचे ‘गिकेइकी’, खास योशित्सुनेचे चरित्र म्हणून रचलेले.

या ‘गिकेइकी’ची एक खोड मला फार बोलकी वाटते. योशित्सुनेला ज्यांनी सेनापती म्हणून नाव दिले त्या मोठ्या लढाया या चरित्रात जवळजवळ नाहीतच, काही ओळींत उरकल्या आहेत. आठ भागांचा ग्रंथ आहे तो त्याच्या बालपणाचा आणि पळापळीचा. म्हणजे ज्या वर्षांची नोंद नव्हती, नेमकी तीच वर्षे लोकांना ऐकायची होती.

नोंद नसलेले बालपण

बाराव्या शतकात जपानमध्ये दोन लढवय्या घराण्यांची चुरस होती, मिनामोतो आणि ताइरा. 1159 च्या अखेरीस क्योतोत उठाव झाला, त्यात मिनामोतो हरले. घराण्याचा प्रमुख योशितोमो पळून जाताना आपल्याच माणसाच्या हातून मारला गेला. ताइरांचा प्रमुख कियोमोरी आता सर्वेसर्वा झाला. योशितोमोचा तेरा वर्षांचा मुलगा योरितोमो याला त्याने जीवदान दिले आणि दूर इझूला हद्दपार केले. तोकिवा नावाच्या स्त्रीपासून योशितोमोला झालेले तीन लहान मुलगेही वाचले, पुढे भिक्षू व्हायचे या बोलीवर. त्यांतला सर्वांत धाकटा, कडेवरचा, म्हणजे आपला योशित्सुने. बापाचा नववा मुलगा म्हणून ‘कुरो’. बालपणीचे नाव उशिवाका.

पुढच्या वीस वर्षांबद्दल आझुमा कागामीत चारदोन वाक्ये आहेत. सावत्र वडिलांच्या आधाराने वाढला, क्योतोच्या उत्तरेला कुरामाच्या डोंगरावरच्या मठात ठेवला, तिथे मन रमेना, स्वतःच आपला प्रौढत्वाचा संस्कार उरकला आणि उत्तरेकडच्या फुजिवारा नो हिदेहिराकडे निघून गेला.

आता ही चार वाक्ये घ्या आणि लोककथेच्या हाती द्या. कुरामाच्या डोंगरात तेंगू राहतात: लांब नाकाचे, पंखांचे, अर्धे पक्षी अर्धे बैरागी असे भुताळ प्राणी. त्यांचा राजा या पोरक्या मुलाला रात्री देवदारांखाली तलवार शिकवतो. मग तो क्योतोत उतरतो. तिथे बेनकेईने हजार तलवारी हिसकावण्याचा पण केलेला असतो, 999 झालेल्या असतात, आणि गोजोच्या पुलावर बासरी वाजवत येणारा हा सडपातळ पोरगा हजारावा. कठड्यावरून इकडे-तिकडे उड्या मारत तो बेनकेईला दमवतो, आणि बेनकेई जन्माचा चाकर होतो. जपानमधल्या प्रत्येक मुलाला हे चित्र ठाऊक असते. गंमत अशी की खुद्द ‘गिकेइकी’त ही लढत पुलावर होत नाही. गाठ पडते ती एका देवळाच्या परिसरात, आणि पुढचा सामना कियोमिझूच्या मंदिरात. पूल नंतर आला. गोष्टीला चांगली रंगभूमी हवी होती, पुलाने ती दिली.

तेंगूकडे तलवार शिकणे ही काही नुसती मौज नाही. त्यात एक खरा प्रश्न दडला आहे: मठात वाढलेल्या, एकही लढाई न पाहिलेल्या माणसाला पंचविशीत एवढे युद्ध कसे जमले? बहुधा उत्तर हिदेहिराच्या मुलखात आहे. त्याची राजधानी हिराइझुमी. तिथे सोने निघे, उत्तम घोडे पैदा होत. 1124 साली बांधलेला, आतून-बाहेरून सोन्याने मढवलेला छोटा मंडप तिथे आजही उभा आहे. अशा दरबारात तरुणपणाची काही वर्षे काढलेला माणूस घोड्यावर पक्का झाला असेल, यात नवल नाही. पण गोष्टीत घोड्यांपेक्षा तेंगू बरे दिसतात.

घोड्याचा लगाम

1180 साली योरितोमोने ताइरांविरुद्ध शस्त्र उचलले. बातमी कळताच योशित्सुने उत्तरेतून दौडत आला. दोघा सावत्र भावांची भेट झाली, डोळे भरून आले, असे इतिवृत्त सांगते. इथून त्याचे आयुष्य कागदावर येते.

पुढची गोष्ट लढायांआधी सांगतो, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली मला तिच्यात दिसते. 1181 चा जुलै, जुन्या पंचांगाने. योरितोमोच्या ठाण्यात, कामाकुरात, हाचिमान देवाच्या मंदिराचे काम चालू आहे, आढे चढवण्याचा समारंभ आहे. सुतारांना बक्षीस म्हणून घोडे द्यायचे आहेत. योरितोमो धाकट्या भावाला म्हणतो, घोड्याचा लगाम धरून तू आण. योशित्सुने कारण काढतो: दुसऱ्या बाजूने लगाम धरायला माझ्या तोलाचा कोणी नाही. योरितोमो सर्वांसमोर झापतो की माणसे आहेत, तुला काम हलके वाटते म्हणून ही सबब. योशित्सुने घाबरून उठतो आणि मुकाट्याने घोडे ओढतो.

वरवर पाहता भावाभावांतली कुरबुर. पण योरितोमोकडे तेव्हा काय होते? पूर्वेकडचे लढवय्ये जमीनदार त्याच्या बाजूने आले होते ते एका सरळ व्यवहारावर: मी तुमच्या जमिनीची हमी देतो, नवीन जमीन देतो, तुम्ही माझ्यासाठी लढा. हा व्यवहार तेव्हाच टिकतो, जेव्हा देणारा हात एकच असतो. त्या समारंभात योरितोमो जमलेल्या सरदारांना दाखवत होता की इथे रक्ताचे नाते चालत नाही, माझा भाऊसुद्धा तुमच्यासारखाच चाकर. योशित्सुनेला हे शेवटपर्यंत उमगले नाही, किंवा उमगले तरी पटले नाही. त्याच्या लेखी तो ‘धाकटे मालक’ होता.

लढायांचे सव्वा वर्ष

1184 च्या सुरुवातीला त्याने आधी आपल्याच चुलतभावाला, क्योतोत धुमाकूळ घालणाऱ्या किसो योशिनाकाला मोडले. महिनाभरातच इची-नो-तानी, आजच्या कोबे शहरात. समोर समुद्र, पाठीशी कडा, मध्ये ताइरांची छावणी. गाथा सांगते की योशित्सुनेने विचारले, या कड्यावरून हरणे उतरतात का? उतरतात. मग घोडे का नाही उतरणार? आणि मूठभर स्वारांसह तो कड्यावरून थेट छावणीत कोसळला.

आता कुजो कानेझानेची रोजनिशी उघडू. लढाईची खबर क्योतोत पोचली तेव्हाची नोंद आहे. योशित्सुनेने इची-नो-तानी घेतले, असे त्यात आहे. पण डोंगराच्या बाजूने चालून जाऊन ती आघाडी सर्वांत आधी कोणी पाडली? तादा युकित्सुना नावाच्या दुसऱ्याच सरदाराने. शिवाय ज्या घाटाचे नाव या उडीशी जोडले जाते तो हियोदोरिगोए आणि इची-नो-तानी यांच्यात चांगले काही किलोमीटरचे अंतर आहे. म्हणून अभ्यासकांत आजही वाद आहे की कड्यावरून उतरले कोण, आणि कुठून. योशित्सुनेने ती लढाई मारली, यात शंका नाही. पण जे दृश्य त्याच्या नावावर जमा झाले, ते कदाचित दुसऱ्याच्या खात्यातले आहे. मोठ्या नावांचे असेच असते. आजूबाजूची चिल्लर त्यांच्याकडे घरंगळत येते. युकित्सुनाचे नाव आज कोण घेतो?

1185 चा फेब्रुवारी, याशिमा. वादळात नावाडी निघायला तयार नाहीत. योशित्सुने पाच नावा आणि दीडशेच्या आसपास माणसे घेऊन रात्री समुद्र ओलांडतो आणि ताइरांच्या पाठीवर उतरतो. निघण्यापूर्वीचे भांडण गाथेत आहे. योरितोमोचा विश्वासू काजिवारा कागेतोकी म्हणतो, नावांना उलटी वल्ही लावू, वेळ आली तर मागे सरता येईल. योशित्सुने म्हणतो, निघतानाच पळण्याची तयारी? हा संवाद खरा असो-नसो, पुढे कागेतोकीने योरितोमोला पाठवलेल्या अहवालात योशित्सुनेच्या मनमानीची तक्रार आहे, असे इतिवृत्तही नोंदवते.

याच लढाईतला एक प्रसंग मला कड्यावरच्या उडीहून आवडतो. योशित्सुनेचे धनुष्य पाण्यात पडते. शत्रू आकडे टाकत असताना तो जीव धोक्यात घालून ते परत मिळवतो. सहकारी चिडतात, एवढे काय होते त्या धनुष्यात? तो म्हणतो, माझ्या काकांसारखे ताकदीचे असते तर मुद्दाम पडू दिले असते. हे हलके धनुष्य शत्रूच्या हाती लागले तर ते हसतील, की मिनामोतोंचा सेनापती हे वापरतो! गाथेतला योशित्सुने असा आहे, लहान चणीचा, हलक्या धनुष्याचा. दुसऱ्या एका ठिकाणी शत्रूच त्याचे वर्णन करतो: गोरा, बुटका, पुढचे दात बाहेर आलेले. नंतरच्या शतकांत तो देखणा राजबिंडा तरुण झाला. दात कधी आत गेले, त्याची नोंद नाही.

आणि शेवटी मार्च 1185, जुन्या पंचांगाने 24 तारीख, दान-नो-उरा. होन्शू आणि क्युशू या बेटांमधली अरुंद सामुद्रधुनी. प्रवाह जोरदार, दिशा बदलणारा. प्रवाह फिरला म्हणून ताइरा हरले, हा सिद्धान्त विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार कुरोइता कात्सुमी यांनी मांडला; पुढच्या अभ्यासकांनी भरती-ओहोटीची गणिते करून त्यावर प्रश्नचिन्हे लावली. ऐनवेळी फितूर झालेला ताइरांचा एक सरदार हे कारण गाथेतच आहे. हरणार हे दिसल्यावर कियोमोरीच्या विधवेने आपल्या नातवाला, जपानी हिशेबाने आठ वर्षांच्या सम्राट आंतोकूला, कवेत घेऊन समुद्रात उडी घेतली. राजचिन्हांतली तलवार तिथेच बुडाली.

याच लढाईत योशित्सुनेने शत्रूपासून निसटताना ‘आठ नावांवरून उड्या मारल्या’ अशी ख्याती आहे. गाथेत पाहिले तर एकच उडी आहे, सुमारे सहा मीटर अंतरावरच्या नावेवर. वीस-पंचवीस किलोंचे चिलखत घालून तीही थोडकी नाही. पण एकाच्या आठ झाल्या.

मग बिघडले कुठे?

‘मत्सरी थोरला भाऊ आणि भोळा धाकटा’ हे उत्तर नाटकांनी दिले. खरे उत्तर जास्त रंजक आहे, असे मला वाटते.

क्योतोत त्या वेळी खरी सूत्रे गो-शिराकावा या निवृत्त सम्राटाकडे होती. तिथली रीत अशी, की सम्राट गादी सोडतो, लहान मुलाला बसवतो आणि मागून राज्य चालवतो. गो-शिराकावा या खेळातला मुरलेला. ऑगस्ट 1184 मध्ये त्याने योशित्सुनेला राजधानीच्या पोलीस-न्याय खात्यात अधिकारी नेमले. या पदाचे नाव ‘होगान’. योरितोमोला विचारले नाही, आणि योशित्सुनेनेही विचारले नाही. इतिवृत्तानुसार त्याचे म्हणणे एवढेच, की मी मागितले नव्हते, दिलेले नाकारता येईना.

ज्याची सारी सत्ता ‘बक्षीस देणारा हात एकच’ यावर उभी आहे, त्याला हे कसे दिसेल? योरितोमोचा राग एकट्या भावावर नव्हता. एप्रिल 1185 मध्ये, परवानगीशिवाय दरबारी पदे घेणाऱ्या दोन डझनांच्या आसपास सरदारांची त्याने यादी केली आणि एकेकाला नावानिशी शिव्या दिल्या. एकाला म्हटले, तुझे डोळे उंदराचे, तुला कशाला हवे पद? सर्वांना बजावले की आता क्योतोतच राहा आणि दरबाराची चाकरी करा. सुनोमाता नदी ओलांडून पूर्वेला आलात तर जमिनी जातील, मुंडकी उडतील. अधिकृत इतिवृत्तात अशी यादी वाचायला मिळणे ही पर्वणीच आहे. पण तिच्यातून धोरणही स्पष्ट दिसते.

मे महिन्यात योशित्सुने ताइरांचे कैदी घेऊन कामाकुराच्या वेशीवर, कोशिगोएला आला. कैदी आत गेले. त्याला बाहेरच थांबवले. तिथून त्याने लिहिलेले विनवणीचे पत्र प्रसिद्ध आहे: बाप गेला, आईच्या कुशीत रानोमाळ भटकलो, एक दिवस सुखाचा पाहिला नाही, आणि आता तुमच्यासाठी जिंकून आलो तर भेटही नाही. पत्र इतके करुण आहे की काही अभ्यासकांना ते नंतर रचलेले वाटते. शिवाय त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला इयो प्रांताचा सुभेदार नेमल्याची नोंद आहे. म्हणजे वेशीवरच सगळे तुटले, असे चित्र पुरते खरे नसावे. पण शरद ऋतू येईतो तुटले होते. त्याच्या क्योतोतल्या घरावर रात्री मारेकरी चालून आले. त्याने गो-शिराकावाकडून भावाविरुद्ध फर्मान मिळवले, पण त्यावर लढायला माणसे आली नाहीत. युद्धात त्याच्यामागे धावलेल्या सरदारांना जमिनी योरितोमो देत होता. हा देऊ शकत नव्हता. नोव्हेंबरमध्ये तो नावेने पश्चिमेकडे निघाला, वादळाने ताफा उधळला, आणि देशातला सर्वांत मोठा सेनापती मूठभर माणसांसह फरारी झाला.

क्योतो सोडताना त्याने लुटालूट केली नाही, जाळपोळ केली नाही. त्याआधीच्या सेनांनी शहराची दैना केली होती, म्हणून हे विशेष. कुजो कानेझानेने रोजनिशीत लिहिले की शौर्य आणि माणुसकी या बाबतीत हा पुढच्या पिढ्यांसाठी चांगले नाव ठेवून गेला. ‘होगान-बिइकी’, म्हणजे ‘होगानची बाजू घेणे’, हा शब्द जपानीत हरलेल्याबद्दलच्या कळवळ्यासाठी आजही वापरतात. त्या कळवळ्याचे पहिले बीज मला या एका नोंदीत दिसते. शाहिरांच्या दोनशे वर्षे आधीचे.

मधल्यामध्ये योरितोमोने काय साधले पाहा. फरार्‍याला शोधायचे म्हणून त्याने एक हजार स्वार क्योतोत धाडले आणि दरबाराकडून प्रांतोप्रांती आपले रक्षक आणि जमीन-अधिकारी नेमण्याची परवानगी काढली. जपानवर पुढे जवळजवळ सात शतके लष्करी सत्तांचा पगडा राहिला, तिच्या पायाचा एक मोठा दगड हा. भाऊ सापडला नाही तितके बरेच. त्याच सुमारास एका पत्रात योरितोमोने ‘देशातला सर्वांत मोठा तेंगू’ असा टोला हाणला, आणि तो गो-शिराकावाला उद्देशून होता असे बहुतेकांचे मत आहे. तेंगू कुरामाच्या डोंगरावर शोधायची गरजच नव्हती म्हणायची.

एक सावधगिरी. करुण दिसले की लोककथा, असे समजू नका. योशित्सुनेची प्रिया शिझुका, नर्तकी, योशिनोच्या डोंगरात पकडली गेली. एप्रिल 1186 मध्ये तिला कामाकुराच्या मंदिरात योरितोमोसमोर नाचायला लावले. तिने त्याच्या तोंडावर योशित्सुनेच्या विरहाचे गाणे म्हटले. योरितोमो भडकला, त्याची बायको मासाको मध्ये पडली, म्हणाली, तिच्या जागी मी असते तर मीही हेच गायले असते. शिझुकाला मुलगा झाला तो समुद्रकाठी मारला गेला. हे सगळे नाटकात शोभेल, पण आहे सरकारी इतिवृत्तात. मात्र ते इतिवृत्त लिहिले गेले तेव्हा सत्ता मासाकोच्या माहेरच्या, होजो घराण्याच्या हाती होती. योरितोमो कठोर आणि मासाको समजूतदार दिसणे त्यांच्या सोयीचे होते, हेही डोक्यात ठेवावे.

पळापळीचे बीजही तिथेच सापडते. डोंगरी बैराग्यांचा वेष घेऊन, बायकामुलांसह, तो इसे-मिनो मार्गे उत्तरेकडे गेल्याची 1187 ची नोंद आहे. लोककथेने वेष ठेवला आणि वाट बदलली. त्याला पश्चिम किनाऱ्याने नेले, नाकी-नाकी अडवले. ‘गिकेइकी’त एका तरीवर नावाड्याला संशय येतो, तेव्हा बेनकेई धन्यालाच पंख्याने बडवतो, कारण चाकर मालकाला मारेल असे कोण मानेल? नंतरच्या ‘नो’ या जुन्या नाट्यप्रकारात तोच प्रसंग आताकाच्या नाक्यावर गेला, आणि 1840 च्या ‘कांजिंचो’ या काबुकी नाटकात त्याने कळस गाठला. बेनकेई कोऱ्या गुंडाळीतून देणगीचे आवाहन घडाघडा ‘वाचतो’. नाक्याचा अधिकारी तोगाशी सारे ओळखूनही सोडून देतो. इथे नायक योशित्सुने उरलेलाच नाही. तो कोपऱ्यात टोपीखाली मान घालून बसला आहे. जसजशी गोष्ट पुढे सरकली तसतसा त्याचा पराक्रम बेनकेईकडे गेला, आणि त्याच्याकडे उरले फक्त दुःख.

दारूत बुडवलेले शीर

हिराइझुमीत म्हाताऱ्या हिदेहिराने त्याला पुन्हा आसरा दिला, पण त्याच वर्षी, 1187 मध्ये, तो वारला. मुलगा यासुहिरा दबावापुढे वाकला. 1189 साली त्यांच्या पंचांगात आपल्यासारखाच अधिक महिना आला होता, अधिक चौथा. त्याच्या तिसाव्या दिवशी यासुहिराच्या फौजेने कोरोमो नदीकाठचा वाडा वेढला. योशित्सुनेने आपल्या बावीस वर्षांच्या पत्नीला आणि चार वर्षांच्या मुलीला आधी मारले, मग स्वतःला संपवले.

शीर काळ्या लाखेच्या पेटीत, उंची दारूत बुडवून कामाकुराकडे निघाले. पोचायला 43 दिवस लागले. ओळख पटवणाऱ्या दोघांत काजिवारा कागेतोकी होता, उलट्या वल्ह्यांवरून भांडलेला तोच. जागा कोशिगोए, त्याला वेशीवर थांबवले होते तीच. गोष्ट रचणाऱ्यालाही हे सुचले नसते.

यासुहिराला फळ मिळाले नाही. योरितोमोने त्याच उन्हाळ्यात स्वारी करून त्याचे राज्य बुडवले. त्याचेही शीर गेले. ते त्या सोन्याच्या मंडपात वाडवडिलांच्या देहांशेजारी ठेवले होते. 1950 साली तपासणी झाली तेव्हा त्या पेटीत कमळाच्या बिया निघाल्या, आणि 1998 मध्ये त्यांतून वाढलेल्या रोपाला फूल आले.

पण ते 43 दिवस लोकांच्या डोक्यातून गेले नाहीत. उन्हाळ्यात इतके दिवस प्रवास केलेले शीर ओळखणार कोण? मग ते त्याचे नव्हतेच. एवढी एक फट पुरली. तो निसटला, समुद्र ओलांडून होक्काइदोला गेला, असे एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून पुढे, बोलले जाऊ लागले. तिथल्या आइनू लोकांच्या ओकिकुरुमी या वीरदेवतेशी जपान्यांनी त्याची सांगड घातली. बिरातोरी गावात योशित्सुनेचे मंदिर आहे. त्याच काळात तर एक बनावट चिनी इतिहासग्रंथच फिरला, त्यात त्याचा वंश मुख्य भूमीवर पोचला होता. 1879 मध्ये इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या सुएमात्सू केन्चो यांनी इंग्रजीत लिहून टाकले की योशित्सुने म्हणजेच चंगीझ खान. त्याच्या नावाचा चिनी वळणाचा उच्चार ‘गेन गिकेइ’ होतो, मग काय, गेंगिकेइ आणि चेंगीझ! 1924 साली ओयाबे झेन्इचिरो यांचे याच विषयावरचे पुस्तक धो-धो खपले. इतिहासकारांनी ते तेव्हाच उघडे पाडले. चंगीझ खानाचे बापजादे, बायको, भाऊबंद सगळे मंगोल स्तेपमधले ठाऊक आहेत. पण काळ पाहा. जपानची नजर मांचुरिया-मंगोलियावर होती. हरलेल्या वीराबद्दलचा कळवळा आता साम्राज्याच्या कामी येत होता. या टप्प्यावरची दंतकथा मला भाबडी वाटत नाही.

होक्काइदोतली पहिली रेल्वे 1880 साली धावली, ओतारूच्या तेमिया बंदरापासून सप्पोरोकडे. इंजिने अमेरिकेहून आली. नावे ठेवली ‘योशित्सुने’ आणि ‘बेनकेई’. 1885 मध्ये आलेल्या एकाचे ‘शिझुका’. तिन्ही टिकून आहेत. योशित्सुने क्योतोच्या रेल्वे संग्रहालयात आहे, बेनकेई तोक्योजवळ साइतामाला. शिझुका एकटीच उत्तरेत, ओतारूला.